तिथीची पाऊणपट: मनोरी ते एरंगळ

माझ्या सासूबाई रेवदंड्याच्या. लग्न होऊन दादरला आल्याला पन्नासेक वर्षं झाली, तरी भरती-ओहोटीचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का आहे. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. मी फोनमध्ये भरतीच्या वेळा दाखवणारं अॅप घेतलं होतं. रोज संध्याकाळी आम्ही दोघी दोन्ही ताडून पाहायचो. फरक कधी अर्ध्या तासाच्या पुढे गेला नाही, आणि तो पडला की आई, म्हणजे सासूबाई, म्हणायच्या, "तुझं यंत्र चुकलं असेल."

सगळी सहल याच हिशेबावर बेतली होती. मुंबईच्या उत्तर टोकाचा किनारा बघायचा, जमेल तिथं चालायचं, मधे एक दिवस जंगलासाठी ठेवायचा आणि जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी एरंगळच्या जत्रेला पोचायचं. मंगळवारी अमावस्या झाली आणि बुधवारी आम्ही दोघी निघालो. घरच्या पुरुषमंडळींना सुट्टी नव्हती, आणि आम्ही फार आग्रहही केला नाही.

बुधवार: मार्वे, मनोरी

मालाडहून मार्वेला बस, मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं मनोरी. खाडी ओलांडायला काही मिनिटं लागतात. बोटीत माणसांबरोबर मोटरसायकली, दुधाचे कॅन, एक शिलाई मशीन आणि शाळेतून परतणारी पोरं होती. पलीकडे पाय ठेवला की आवाज बदलतो. गाडीचा हॉर्न ऐकू येईपर्यंत बराच वेळ गेला.

राहायला गावातल्याच एका ईस्ट इंडियन बाईंच्या घरची वरची खोली मिळाली होती. कौलारू घर, पुढे ओटा, अंगणात क्रूस आणि त्याच्यासमोर झेंडूची फुलं. आम्ही त्यांना आंटी म्हणायला लागलो, त्या आईंना ताई म्हणायला लागल्या. घरात बोलणं मराठीत, प्रार्थना मराठीत, भांडणंही मराठीत. "लोक विचारतात, तुम्ही गोव्याचे का? आम्ही इथलेच," असं त्यांनी चहा ओतता ओतता सांगितलं. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, मूळचे इथले, हे ठसवायला या समाजानं 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या पन्नासाव्या वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. त्याआधी शेती, मासेमारी, मीठ, ताडी यांवर जगणारी ही गावं होतीच.

रात्री जेवायला सुरमईची आमटी आणि भात. आमटीला बाटली मसाला. हा मसाला मे महिन्यात होतो. मिरच्या आणि वीसपेक्षा जास्त जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, कुटून बिअरच्या गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरायचे, म्हणजे उजेड लागत नाही आणि वर्षभर रंग टिकतो. आईंनी पहिल्या घासाला काही म्हटलं नाही. दुसऱ्या घासाला "यात मोहरी आहे का?" तिसऱ्याला "गहूही भाजून घालता वाटतं." आंटी नुसत्या हसल्या. मग दोघींचं आगोटीवर बोलणं निघालं: पावसाच्या आधी कोण काय भरून ठेवतं, कोणाची सुकट किती टिकते. मी झोपायला गेले तरी खाली ओट्यावर आवाज चालू होता.

मनोरीत हॉटेलं आणि रिसॉर्टं आहेत, पण शनिवार-रविवारी तिथं गाणी मोठ्यानं लागतात. गावात घरगुती खोली मिळाली तर तीच घ्यावी, आणि आठवड्याच्या मधले दिवस धरावेत. फेरीसाठी सुटे पैसे जवळ असू द्या.

गुरुवार: मनोरी ते गोराई, पाण्याच्या कडेनं

द्वितीया, म्हणजे भरती दीडला आणि ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास. आम्ही साडेसहाला बाहेर पडलो. जानेवारीतली मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, पाठीवर चांगलाच गार लागत होता. आईंनी शाल डोक्यावरून घेतली होती. ताडांच्या मागून उजाडलं.

उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांतली ओहोटी बघण्यासारखी असते. पाणी इतकं मागं गेलं होतं की एरवी पोटात गडप असलेला खडक पार उघडा पडलेला. वाळू संपली की हा खडकाळ पट्टा सुरू होतो. काळा खडक, त्यावर कालवांची धारदार शिंपं, आणि खळग्याखळग्यांत साचलेलं पाणी. एकेका खळग्यात दहा मिनिटं सहज जातात. हिरवट समुद्रफुलं बोट जवळ नेलं की मिटतात. शंख चालताना दिसला तर बहुतेक वेळा आत शंखातला खेकडा असतो, मूळ मालक कधीच गेलेला. एका खळग्यात काहीतरी दगडाच्या रंगाचं हललं आणि दगडाखाली गेलं. मी ऑक्टोपस म्हटलं, आई म्हणाल्या माकूल असेल. दोघींपैकी कोणालाच ते परत दिसलं नाही.

खडकावर गावातल्या चार-पाच बायका ओणव्या बसून कालवं काढत होत्या. लोखंडी टोकदार हत्यारानं शिंपेचं वरचं झाकण फोडायचं, आतला मऊ भाग अलगद खरवडून डब्यात टाकायचा, खालची शिंप खडकालाच राहते. टक, टक, टक, आणि गप्पा. दोन-अडीच तासांत ओहोटी फिरते, तेवढ्यात जे निघेल ते. आई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "रेवदंड्याला आम्ही पण काढायचो," म्हणाल्या. त्यातल्या एकीनं विश्वास न ठेवता हत्यार त्यांच्या हातात दिलं. आईंनी तीन कालवं फोडली, तिन्ही न चिंधडता. मग मात्र त्यांना बाजूला सरकून जागा करून देण्यात आली आणि आमचं चालणं तासभर थांबलं.

खरी पंचाईत पुढं झाली. त्यांनी वाटीभर कालवं आईंना देऊ केली आणि तो दिवस गुरुवार. आई गुरुवारी मासे खात नाहीत. ती वाटी शेवटी आंटीकडे पोचती झाली.

गोराईचा किनारा रुंद आणि सपाट. पाण्यात उतरू नका, एवढं मात्र सांगते. इथंही आणि त्याहून जास्त खाडीपलीकडच्या अक्शाला. अक्शाला वरून पाणी शांत दिसतं, पण पायाखालची वाळू सरकते आणि ओढ आत नेते. दरवर्षी तिथं माणसं बुडतात. घोट्याएवढं पाणी पुरे.

दुपारी उन्हात पॅगोडा. गोराईचा हा विपश्यना पॅगोडा 2009 मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते खुला झाला. लांबून सोनेरी, म्यानमारच्या श्वेडगॉनच्या धाटणीचा. पण बघायचा तो आतून. सुमारे 280 फूट व्यासाचा घुमट, आणि मधे एकही खांब नाही. राजस्थानातून आणलेले दगड एकमेकांत गुंतवून वर वर चढवत नेलेत. खाली एका वेळी आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. साधना न करणाऱ्यांना काचेमागून पाहावं लागतं. आई काचेला नाक लावून बराच वेळ वर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पडत कसं नाही?" तिथल्या स्वयंसेवकानं दगडातल्या खाचा हाताची बोटं गुंतवून दाखवल्या.

शुक्रवार: उत्तन, चौक

गोराईच्या पुढं गेलं की कधी मुंबई महापालिकेची हद्द संपते आणि मीरा-भाईंदर सुरू होतं ते कळतही नाही. सगळं मिळून एकच बेट, धारावी बेट. हे झोपडपट्टीचं धारावी नव्हे. दक्षिणेला मनोरीची खाडी, उत्तरेला वसईची, पश्चिमेला दर्या. उत्तन गाठायला आम्ही रिक्षा केली. भाईंदरकडून येणाऱ्यांना स्टेशनजवळून उत्तन-चौकची बस मिळते.

उत्तन डोळ्यांआधी नाकाला कळतं. किनाऱ्यावर नजर जाईल तिथवर वलांडी, म्हणजे बांबूचे उभे आडवे सांगाडे, आणि त्यांवर बोंबील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले की दात आपोआप धरून ठेवतात, मग ती जोडी दोरीवर टाकायची. ना खिळा, ना गाठ. एक आजी हे इतक्या वेगानं करत होत्या की मला दोनदा हात थांबवायला सांगावा लागला. ताज्या बोंबलात पाणीच जास्त, तो लगेच सैल पडतो, म्हणून जेवढा विकला जात नाही तेवढा वलांडीवर जातो. उधाणाला पाण्याला ओढ असते, तेव्हा डोलीत बोंबील भरपूर लागतो. डोल म्हणजे समुद्रात खांब रोवून बांधलेलं पिशवीसारखं जाळं. प्रवाह मासळी आत आणतो, बोट काही हाकत फिरत नाही. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आगेमागे, पाणी सुस्त असतं आणि जाळंही.

आईंनी त्या आजींना पाऊणपट सांगितली. आजी म्हणाल्या, ते बामणांनी कागदावर करायचं, आम्ही चंद्र बघतो. आई काही ब्राह्मण नाहीत, पण त्यांनी दुरुस्त केलं नाही.

तिथून चौकच्या टेकाडावर. इथं धारावीचा किल्ला होता. आता पडक्या भिंती आणि चिमाजी अप्पांचं स्मारक. जागा का महत्त्वाची ते वर उभं राहिल्याबरोबर समजतं. समोर वसईच्या खाडीचं तोंड, पलीकडे वसईच्या किल्ल्याची झाडीत बुडालेली रेघ. इथं ज्याच्या तोफा, त्याच्या हातात वसईची रसद. पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात हे टेकाड हातोहात फिरलं, शेवटी मराठ्यांनी ते घेतलं आणि 1739 च्या मे महिन्यात वसई पडली. त्या विजयातल्या चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. भीमाशंकरच्या देवळासमोर टांगलेली घंटा आईंनी लहानपणी वाजवलेली. ती इथून, समोरच्या त्या झाडीतून गेली, हे त्यांना इथं येईपर्यंत माहीत नव्हतं. "मग यांना वाजवायला काय राहिलं?" असं त्यांनी विचारलं. उत्तर आंटीकडून संध्याकाळी मिळालं: "नव्या आणल्या की."

चौकला सावली कमी आहे. सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर जावं, पाणी बरोबर न्यावं. उत्तनला सुकी मासळी घ्यायची तर वास आणि रंग बघून घ्या. चांगला बोंबील पिवळसर आणि कडक असतो, मोडला की आवाज येतो.

शनिवार: खाडीतून कान्हेरीला

जंगलाचा दिवस. गोराईच्या धक्क्यावरून बोटीनं बोरिवली पश्चिमेला, तिथून रिक्षानं रूळ ओलांडून राष्ट्रीय उद्यान. ओहोटी नऊच्या सुमाराला होती, म्हणून खाडीचा चिखल दोन्ही बाजूंना उघडा. तिवरांच्या खाली श्वासमुळं खिळ्यांसारखी वर आलेली, आणि चिखलावर निवट्या उड्या मारताना. पाण्याबाहेर चालणारा मासा माझ्या मुलीनं फक्त पुस्तकात पाहिलाय आणि तो बोरिवली स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. खंड्या, बगळे, शेपूट हलवत फिरणारे तुतारी पक्षी. बोटीतली बाकीची माणसं मोबाइल बघत होती. रोजचं असलं की असंच होतं, मी दादर चौपाटीकडे कुठं बघते?

उद्यान सोमवारी बंद असतं. मुख्य दारापासून कान्हेरी लांब आहे. बस मिळते, सायकल भाड्यानं मिळते. आम्ही जाताना बस घेतली आणि परतताना बरंचसं डांबरी रस्त्यानं चालत आलो. आतल्या शिलोंड्यासारख्या वाटांवर स्वतःच्या मनानं शिरू नये. परवानगी आणि वाटाड्या लागतो, आणि बिबटे ही काही गंमत नव्हे. शंभर चौरस किलोमीटरच्या वरच्या या जंगलाला तिन्ही बाजूंनी शहर खेटलंय, तरीही ते नांदतायत.

जानेवारीत जंगल कोरडं पडायला लागलेलं. कांडोळाची पांढरी खोडं निष्पर्ण उभी, करवीच्या काड्या करड्या. ही करवी आठ वर्षांतून एकदा सगळी एकदम फुलते आणि मरते. आम्हाला नुसत्या काड्या मिळाल्या. एका वळणावर साग आणि बांबू यांच्या मधून हरियालांचा थवा गेला. बस थांबली नाही, पण ड्रायव्हरनं हात करून दाखवलं.

विनायकी असल्यामुळे आईंचा उपास. गुंफांच्या पायथ्याशी पाड्यातल्या बायका पेरू, बोरं आणि आवळे घेऊन बसतात, तिखट-मीठ लावून देतात. आईंचं दुपारचं जेवण तिथंच झालं. माकडांपासून सांभाळा. माझ्या हातातला अर्धा पेरू गेलाच, आणि नेणाऱ्यानं तिखट लागल्यावर तो फेकून दिला.

कान्हेरीत शंभराच्या वर गुंफा आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढं हजारेक वर्षं खोदकाम चाललं होतं. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही अंगांना बुद्धाच्या वीस फुटांहून उंच मूर्ती आहेत. बहुतेक लोक तिथंच फोटो काढून परततात. मला जास्त भावतं ते पाणी. खडकात बारीक चर खोदलेत, पावसाचं पाणी त्यांतून वळवून प्रत्येक विहाराच्या दाराशी टाक्यात आणलंय. डोंगरावर नदी नाही, विहीर नाही, तरी शेकडो भिक्खू राहिले. आईंनी एका टाक्यात वाकून पाहिलं, पाणी होतं. आमच्या इमारतीला जानेवारीपासूनच पाणीकपातीची नोटीस लागते, त्यामुळे आम्ही दोघी तिथं जरा जास्तच रेंगाळलो.

पायऱ्या चढून अगदी माथ्यावर गेलात तर पश्चिमेला बोरिवलीच्या इमारती, त्यांच्या मागं खाडीची चकाकी आणि तिच्याही पलीकडे सोनेरी पॅगोडा. गुंफांमधल्या शिलालेखांत सोपारा आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं नोंदलेली आहेत. त्यांची गलबतं ज्या पाण्यावर चालायची त्याच्याच कडेनं आम्ही गुरुवारी चाललो होतो. गुडघे दुखत असूनही आई माथ्यापर्यंत आल्या, आणि पहिलं वाक्य: "अगं, आंटीचं घर कुठं असेल?"

रविवार: एरंगळ

सकाळी आंटीनं फुगे तळले. मैद्याचं आंबवलेलं पीठ मुठीतून तेलात सोडायचं, गोळे टम्म वर येतात. बरोबर मटण. पंचमी होती, वार रविवार, आईंना सगळं चालत होतं आणि त्यांनी तसं दाखवून दिलं.

आंटी आणि त्यांची भावजय आमच्याबरोबर निघाल्या. फेरीनं मार्वे, तिथून मढच्या रस्त्यानं एरंगळ. रस्ता सकाळपासून तुंबलेला, शेवटचा टप्पा चालत गेलो. या दिवशी गाडी नेऊच नका.

एरंगळचं सेंट बोनाव्हेंचरचं चर्च थेट वाळूच्या कडेला आहे, पोर्तुगीजांच्या काळातलं, सोळाव्या शतकातलं. वर्षभर तिथं कोणी फिरकत नाही आणि जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सबंध किनारा माणसांनी भरतो. वसईपासून वांद्र्यापर्यंतचे ईस्ट इंडियन, मढ-भाटीचे कोळी, हिंदू, ख्रिश्चन, सगळे. प्रार्थना मराठीतही होते. मेणबत्त्या, खाजा, चणे, प्लॅस्टिकची खेळणी, पाळणे. लोक घरून डबे घेऊन येतात, झाडाखाली चटई पसरून दिवसभर बसतात. आम्हाला तीन वेगवेगळ्या चटयांवर बोलावून खाऊ घातलं. लुगडं नेसलेल्या एका आजीबाईंनी आईंना नेसण्याची पद्धत तपासायला लावली. आमच्याकडे नऊवारी, त्यांच्याकडे लुगडं, पण ओचा वेगळा. यावर अर्धा तास गेला.

दुपारी किनाऱ्यानं थोडं दाणापाणीच्या बाजूला चालून आलो. भरती चढत होती, वाळूचा पट्टा अरुंद होत होता. आंटीचा निरोप घेऊन मढच्या धक्क्याकडे निघालो. येताना आईंनी मढला बोंबील आणि सोडे घेतले, घासाघीस करून, वर एक मूठ जवळा फुकट. मढ-वेसावे फेरी लहान आहे, पण जत्रेच्या दिवशी तिला मोठी रांग असते. अंधार पडायच्या आत निघावं.

वेसाव्याला उतरून अंधेरी स्टेशनसाठी रिक्षा केली. रिक्षावाला मालवणचा निघाला. पिशवीचा वास ओळखून त्यानं सोड्यांचा भाव विचारला. आईंनी अभिमानानं सांगितला. "महाग पडले हो तुम्हाला," तो म्हणाला. स्टेशन येईपर्यंत आई त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.